चांदीचे पाणी मधमाश्यांना नको

रविवारच्या पुरवणीत मधमाश्यांच्या रोगांवर घरी बॅटरीने बनवलेले ‘चांदीचे पाणी’ साखरेच्या पाकात ‘चमचाभर’ घालून माश्यांना देण्याचे सुचवणारा लेख वाचला. या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे.

चांदीच्या दोन तारा आणि 9 व्होल्टच्या तीन बॅटऱ्या घेऊन मी घरच्या नळाच्या पाण्यात हा प्रयोग केला. थोड्याच वेळात एका तारेपासून पांढरट धूर सुटावा तसे पाणी दुधाळ झाले आणि खिडकीत उन्हाला ठेवल्यावर करडे पडले. ते औषध नव्हे, सिल्व्हर क्लोराइड. धनाग्रावरून (बॅटरीच्या धन टोकाला जोडलेल्या तारेवरून) सुटणारे चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, नळाच्या पाण्यातील क्लोराइडशी लगेच जुळतात. डिस्टिल्ड वॉटर घेतले तरी द्रावणात बहुतांश आयनच असतात आणि त्यांचे प्रमाण घरी नेमके मोजता येत नाही. मग साखरेच्या पाकात ‘चमचाभर’ घालायचे ते कशाच्या आधारावर?

मधमाशीच्या आतड्यात पचनाला आणि रोगप्रतिकाराला मदत करणारे जिवाणू असतात. रोगजंतू मारताना चांदी त्यांना वगळत नाही. शिवाय आपल्या सातेरी या देशी माश्यांच्या वसाहती उद्ध्वस्त करणारा थाई सॅकब्रूड हा विषाणूजन्य रोग आहे. त्यावर खात्रीचे औषध नाही. पिशवीसारखी फुगलेली अळी दिसताच ते पोळे काढणे, राणी बदलणे, वसाहत सशक्त ठेवणे हेच उपाय.

काटोल-नरखेडच्या संत्राबागांत आंबिया बहराला (हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याला) मधमाश्यांच्या पेट्या ठेवणाऱ्यांनी हा लेख वाचला असेल. पुढील पुरवणीत खुलासा छापावा, ही विनंती.

– एक मधमाशीपालक, नागपूर