इंजिनसाठी म्हणून विकलेला रंग तेलाच्या फडक्याने पुसून निघतो, याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

काल दुपारी तुमच्या हेल्पलाइनशी माझा चौथा फोन झाला. पाचवा करणार नाही, म्हणून लिहितोय. प्रत्येक वेळी नवा माणूस येतो आणि मला पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. निदान हे पत्र एकदाच लिहावं लागेल.

तुमच्या उष्णतारोधक लाल स्प्रेचे दोन कॅन आणि त्याच्यासोबतचा तुमचाच प्रायमर मी घेतला. कॅनवर ठळक अक्षरांत ‘६०० अंश सेल्सिअसपर्यंत’ छापलंय आणि खाली फोटो आहे टॅपेट कव्हरचा, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाचा. सायलेन्सरचा नाही, टॅपेट कव्हरचा. तो फोटो बघूनच मी कॅन उचलला. माझ्या १९९८ च्या मारुती एस्टीमच्या टॅपेट कव्हरवर मारलेला हा रंग बाराव्या दिवशी फडक्याला लागून आला.

काम कसं केलं तेही लिहून ठेवतो, कारण फोनवर प्रत्येकाने आधी माझ्याच हाताला दोष दिला. प्लगच्या वायरी काढल्या, ब्रीदरचा पाइप काढला, बोल्ट खोलून कव्हर उतरवलं, जुनं पॅकिंग खरवडून काढलं. कव्हर रॉकेलमध्ये रात्रभर ठेवलं. पंचवीस वर्षांचं जळकं तेल ओतीव ॲल्युमिनियमच्या बारीक छिद्रांत बसलेलं असतं, ते एका धुण्यात निघत नाही. तारेचा ब्रश मारला, पुन्हा रॉकेल, मग गरम पाणी आणि भांड्यांचा साबण. त्यावर पाणी ओतलं की थेंब न बनता सपाट पसरेपर्यंत धुतलं. १८० चा, मग ३२० चा पॉलिश पेपर. शेवटी थिनरचं फडकं, आणि त्यानंतर बोट लावलं नाही. आतली बाजू आणि ऑइल भरायचं तोंड मास्किंग टेपने बंद केलं, कारण तिथे रंग गेला आणि पुढे त्याचा पापुद्रा सुटला तर तो थेट ऑइलमध्ये पडतो. प्रायमरचे दोन हात, रंगाचे तीन पातळ हात, मध्ये दहा-दहा मिनिटं. वाळायला पूर्ण एक दिवस दिला. उठावाची अक्षरं ४०० च्या पेपरने घासून चमकवली. लाल पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं उठून दिसली तेव्हा बायकोने शेजारच्यांना बोलावून दाखवली.

मग तुमच्या कॅनवर लिहिल्याप्रमाणे इंजिन पंधरा मिनिटं चालू ठेवलं, थंड होऊ दिलं, पुन्हा अर्धा तास चालवलं. ‘रंग पक्का होईल’ असं तुम्ही लिहिलंय.

बाराव्या दिवशी ऑइलची लेव्हल थोडी भरली. एक थेंब तोंडाशी ओघळला. फडक्याने पुसला तर फडकं लाल. नख लावलं तर तोंडाभोवतीचा रंग लोण्यासारखा सुटला आणि खाली प्रायमरसुद्धा मऊ झालेला होता. एक पापुद्रा तोंडाच्या कडेला अगदी आत पडायच्या बेतात लोंबत होता. तो पडला असता तर ऑइल पंपाच्या तोंडाशी असलेल्या स्ट्रेनरच्या जाळीवर जाऊन बसला असता. इंजिनाला तेल कमी पडलं की काय होतं, हे रंगाच्या कंपनीला माहीत नसेल असं मी मानत नाही.

आता कालच्या फोनबद्दल.

तुमच्या हेल्पलाइनवरच्या मुलाने विचारलं, “काका, पृष्ठभागाला तेल लागलं होतं का?” मी म्हटलं, ते टॅपेट कव्हर आहे, त्याच्या खाली कॅमशाफ्ट फिरतो, वरून ऑइल भरतात, तेल लागणारच. तो म्हणाला, “मग काका, तेल लागू द्यायचं नव्हतं.” मी पुन्हा विचारलं, कारण मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मी म्हटलं, तुमच्याच कॅनवर टॅपेट कव्हरचा फोटो आहे, कॅन समोर घ्या आणि बघा. त्याने मला सात मिनिटं होल्डवर ठेवलं. परत येऊन म्हणाला, “सिनियरशी बोललो. इंजिनात लीकेज असेल तर आपली जबाबदारी राहत नाही.” ऑइल भरताना ओघळलेल्या एका थेंबाला लीकेज म्हणतात, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मग त्याने विचारलं, “पेंटर कोण लावला होता?” मी स्वतः, म्हटलं. “तेच झालंय काका. घरी केलं की असंच होतं.”

मी ३१ वर्षं एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये काढली. किती इंजिनं उतरवली आणि चढवली याचा हिशेब नाही. पण मी मेकॅनिक नसतो, उद्या एखाद्या कॉलेजच्या मुलाने पहिल्यांदाच कव्हर रंगवलं असतं, तरी त्याला हे उत्तर द्यायचा अधिकार तुम्हाला नव्हता. ‘घरच्या घरी’ हे शब्द तुमच्याच कॅनवर आहेत.

फोन ठेवल्यावर दोन मिनिटांत मेसेज आला: तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे. कोणाचं समाधान? माझं झालेलं नाही.

दोष कुठे आहे ते मी स्वतः शोधलं. भोसरी एमआयडीसीत पावडर कोटिंगचं काम करणारा एक ओळखीचा आहे. त्याने कॅन बघून सांगितलं की हा सिलिकॉन रेझिनचा रंग, हा नुसता वाळून चालत नाही, भट्टीत भाजावा लागतो, तोपर्यंत तेल-पेट्रोलपुढे टिकत नाही. खात्री करायला मी ॲल्युमिनियमच्या पट्टीचे दोन तुकडे घेतले, तुमच्याच उरलेल्या कॅनने रंगवले. एक तसाच ठेवला. दुसरा गॅलरीत, स्वयंपाकातून बाद झालेल्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर ठेवला. दोन्हींवर इंजिन ऑइलचा एकेक थेंब टाकून रात्रभर सोडला. सकाळी भाजलेल्या तुकड्यावरचा रंग नखाला दाद देईना. दुसऱ्यावरचा अंगठ्याने पुसला गेला.

म्हणजे रंग वाईट नाही. सूचना खोटी आहे. कूलंट साधारण ९० अंशांवर राहतं. तासभर महामार्गावर चालवून मी कव्हरचं तापमान मोजलं तर ९२ भरलं. इंजिन कितीही वेळ चालू ठेवा, टॅपेट कव्हर २०० अंशांना पोचत नाही, आणि पोचलं तर त्या इंजिनाचं आधीच वाटोळं झालेलं असेल. ६०० अंशांचा आकडा भाजून पक्का झालेल्या रंगाचा आहे. सायलेन्सरवर तो आपोआप भाजला जातो. टॅपेट कव्हरवर कधीच नाही. आणि चार सिलिंडरचं कव्हर घरातल्या ओव्हनमध्ये मावत नाही, मी लावून बघितलंय. तरी तुम्ही फोटो टॅपेट कव्हरचाच छापलाय. हे तुमच्या रंगाच्या प्रयोगशाळेत कोणालाच ठाऊक नव्हतं, असं मी कसं मानू?

मला सगळ्यात वाईट याचं वाटतं की माझ्या घराच्या खिडक्या-ग्रिलला वीस वर्षं तुमचाच ऑइल पेंट लागतोय. दुकानदाराने दुसरा दाखवला तरी मी तुमचा मागायचो. जावयाच्या नव्या घरालाही तुमचाच सांगितला होता. आता नाही सांगणार.

मला दोन कॅन, प्रायमर आणि नवीन पॅकिंग यांचे पैसे परत हवेत. बिलं जोडली आहेत. त्याहून जास्त मला कॅनवरची सूचना बदललेली हवी: एक तर २०० अंशांवर भाजल्याशिवाय हा रंग तेलाला टिकत नाही हे मराठी-हिंदीत स्पष्ट छापा, नाहीतर टॅपेट कव्हरचा फोटो काढा. आणि लेखी उत्तर रंगाची माहिती असलेल्या माणसाकडून हवं, हेल्पलाइनकडून नको.

पंधरा दिवस थांबेन. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवून पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मी राहतो तिथेच अर्ज करता येतो, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि दिशाभूल करणारी जाहिरात कशाला म्हणायचं हेही त्याच कायद्यात लिहिलंय. रक्कम लहान आहे म्हणून म्हातारा सोडून देईल, असं समजू नका.

कव्हर मी पुन्हा खरवडलेलं नाही. ते, दोन्ही तुकडे आणि लाल झालेलं फडकं घरी जपून ठेवलंय. तुमचा माणूस पाठवा, त्याच्यासमोर ऑइलचा थेंब टाकतो. सध्या गाडीवर भंगारातून आणलेलं, न रंगवलेलं कव्हर आहे.

एक ग्राहक,
पिंपरी-चिंचवड

सोबत: बिलांच्या प्रती, कव्हरचे आणि दोन्ही तुकड्यांचे फोटो