उमेदवारांनी सर्व्हे नंबरासोबत झोनही सांगावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोव्याच्या येत्या विधानसभा निवडणुकीचे इच्छुक आता उघडपणे फिरू लागले आहेत. आपल्या दैनिकात त्यांची ओळख छापून येते तेव्हा नावापुढे बहुतेकदा दोन गोष्टी असतात, उद्योजक आणि शेतकरी. डिचोली बघा, सत्तरी बघा, पेडणे बघा, सगळीकडे तेच. कुळागरात उभे राहून काढलेला फोटो, मागे सुपारीच्या रांगा, पायांत कोरे करकरीत गमबूट. कोणा एकाला टोचण्यासाठी हे पत्र लिहीत नाही. धंदा सांभाळून शेती करणारी माणसे आमच्या गावांत पूर्वीपासून आहेत. नुसत्या राजकारणावर पोट भरणाऱ्यापेक्षा असा माणूस विधानसभेत गेलेला मला तरी बरा वाटतो. त्याला मजुरीचा दर ठाऊक असतो. पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, वेळेवर मिळाला नाही की नारळांचे काय होते हे त्याला कुणी सांगावे लागत नाही, आणि बँकेचा हप्ता थकला की कोण कोण दारात येते तेही. पण त्याच्याकडे माझे एक मागणे आहे. मते मागायला येताना त्याने आपल्या सगळ्या जमिनींचे सर्व्हे नंबर आणावेत आणि प्रत्येक नंबर आज कुठल्या झोनमध्ये आहे, म्हणजे सरकारी आराखड्यात ती जमीन शेतीसाठी, वस्तीसाठी की आणखी कशासाठी दाखवली आहे, तेही सांगावे.

कारण गोव्याच्या विधानसभेत शेवटी सगळे वाद जमिनीपाशी येऊन थांबतात. पहिल्या निवडणुकीपासून हे असेच आहे. १९६३ साली मुख्यमंत्री झालेले भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक, म्हणजे आजच्या भाषेत मोठे उद्योजक. त्यांच्याच कारकिर्दीत १९६४ चा कूळ कायदा आला. पुढे शशिकलाताई काकोडकरांच्या सरकारने १९७५ मध्ये दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांसाठी मुंडकार कायदा आणला आणि १९७६ मध्ये कूळ कायद्याला पाचवी दुरुस्ती करून कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानले. भाटकारांना, म्हणजे जमीनदारांना, हे रुचले नाही, रुचणारही नव्हते. म्हणून उद्योजक म्हटला की तो जमीन गिळायलाच आमदार होतो, असे मी म्हणणार नाही. ही दुरुस्ती येऊन पन्नास वर्षे होत आली तरी कुळांचे खटले मामलेदारांकडे अजून पडून आहेत, ही गोष्ट वेगळी. त्यावर एखाद्या ‘शेतकरी’ उमेदवाराने तोंड उघडल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

अलीकडची गोष्ट घ्या. २०२३ मध्ये सरकारने भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर बंदी घालणारा कायदा केला. कायदा चांगलाच आहे. पण त्याचा एक परिणाम फारसा कुणी बोलून दाखवत नाही. आता भाताची खाचरे विकत घ्यायची तर आधी शेतकरी असावे लागते, म्हणजे शेतकरी असण्यालाच किंमत आली. त्यात शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. त्यामुळे धंदेवाईक माणूस एकाएकी शेतीच्या प्रेमात पडला, तर ते प्रेम मातीचे की कागदाचे, एवढे विचारण्याचा हक्क मतदाराला असावा.

त्याच वर्षी नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) आले. प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये अनवधानाने राहिलेल्या चुका दुरुस्त करायच्या, असे कारण देऊन एकेका सर्व्हे नंबराचा झोन बदलण्याची वाट त्यातून उघडली. त्याखालचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द ठरवले. तोवर २०२४ मध्ये कलम ३९अ आलेले होते. त्यात झोन बदलण्यासाठी जमीनमालकाने अर्ज करायचा, प्रस्ताव राजपत्रात छापायचा, हरकतींसाठी तीस दिवस द्यायचे आणि मग निर्णय. राजपत्र कोण वाचतो? वकील वाचतात, जमिनीचे दलाल वाचतात, आणि ग्रामसभेत ओरडून घसा बसलेले दोन-चार लोक वाचतात. शेजारच्या डोंगराचा झोन बदलल्याचे बाकीच्यांना जेसीबी आल्यावर कळते. ही कलमे विधानसभेत मंजूर झालेली आहेत. उद्या ती ठेवायची की काढायची, हेही तिथेच बसलेले चाळीस जण ठरवणार.

आता कायद्यातली गंमत पाहा. सरकारला माल पुरवण्याचा किंवा सरकारी बांधकामाचा ठेका स्वतःच्या नावावर चालू असेल, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ९अ प्रमाणे तो माणूस आमदार होण्यास अपात्र ठरतो. (ठेका भावाच्या नावावर कसा जातो, हे आमच्याकडे शाळकरी पोरही सांगेल.) पण ज्याच्या मालकीची डोंगरउतरण झोन बदलला की कित्येक पटींनी महागणार आहे, त्याने विधानसभेत बसून झोन बदलण्याच्या कायद्याला हात वर केला तर त्याची उमेदवारी कुठेच अडत नाही. गटार बांधण्याचा ठेका असणारा बाहेर आणि आख्खा डोंगर असणारा आत.

प्रतिज्ञापत्रात सगळे येतेच, मग वेगळे काय मागता, असे कुणी म्हणेल. अर्जासोबतच्या नमुना २६ मध्ये शेतजमिनीचा सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, ती वडिलोपार्जित आहे की विकत घेतलेली, घेतली असल्यास कधी आणि कितीला, आजचा अंदाजे भाव, एवढे सगळे द्यावेच लागते. पण झोन विचारलेला नाही. रूपांतराची सनद, म्हणजे शेतजमीन बिगरशेती करण्याची परवानगी, काढली आहे का, झोन बदलाचा अर्ज केला आहे का, हेही विचारलेले नाही. आणि जमीन कंपनीच्या नावावर असेल तर ती तिथे दिसतच नाही, दिसतात ते त्या कंपनीचे शेअर. मग वेळेचा प्रश्न. २०२२ मध्ये २८ जानेवारीला अर्जांची मुदत संपली आणि १४ फेब्रुवारीला मतदान झाले. मधल्या सतरा दिवसांत प्रचाराच्या भोंग्यांतून सवड काढून कोण एक-चौदाचे, म्हणजे जमिनीच्या नोंदीचे, उतारे काढत बसणार?

जमिनीचे बाजूला ठेवले तरी धंदा आणि शेती एकाच घरात नेहमी सुखाने नांदतात असे नाही. काजूचेच पाहा. कारखानदाराला बी स्वस्त हवी, बागायतदाराला तिचा भाव चढा हवा. आफ्रिकेतून येणारी बी कारखान्याला सोयीची पडते. सत्तरीतल्या डोंगरावर मार्च-एप्रिलच्या उन्हात बोंडू वेचणाऱ्या बाईला मात्र त्याच आयातीमुळे भाव पडलेला दिसतो. गोव्याच्या काजूला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, फेणीला ते २००९ पासूनच आहे. मानांकन मिळाल्यावर ‘गोव्याचा काजू’ म्हणून पाकिटात नक्की कुठली बी भरली जाते, यावर कडक तपासणी हवी की नको? उमेदवाराचा कारखानाही असेल आणि डोंगरावर काजूची बागही, तर ही तपासणी आणि काजूची आधारभूत किंमत या दोन गोष्टींवर तो कुणाच्या बाजूने बोलणार, हे त्याने आजच सांगून टाकावे. त्याच्या कारखान्याला जेवढी बी लागते त्याच्या मानाने त्याच्या बागेतली किती, यावरून उत्तराचा अंदाज बांधता येईल. तरीही ते त्याच्या तोंडून ऐकलेले बरे.

बाकीचे थोडक्यात. धारबांदोड्याच्या संजीवनी साखर कारखान्याचे गाळप २०१९-२० च्या हंगामापासून बंद आहे. इथेनॉल प्रकल्पाची भाषा बरीच वर्षे ऐकतो आहोत आणि ऊस कर्नाटकात जातो आहे. कारखाना कसा चालवतात हे ज्याला कळते त्याने यावर हिशेब मांडून बोलावे. रानडुकरे, माकडे आणि गव्यांनी केलेल्या नासधुशीवर सगळेच बोलतात, त्यामुळे ते सोडून देतो.

हे सगळे एवढ्या हट्टाने का लिहितो आहे? आमचे मतदारसंघ लहान आहेत, सरासरी तीस हजार मतदारही भरत नाहीत. २०२२ मध्ये फोंड्यात ७७ मतांनी निकाल लागला, साखळीत खुद्द मुख्यमंत्री ६६६ मतांनी निवडून आले. ज्याच्याकडे शंभर माणसे कामाला आहेत, त्यांची घरे आणि सोयरे-धायरे धरले की त्याचे पारडे पहिल्या दिवशीच जड होते. खर्चाची मर्यादा २८ लाख रुपये आहे. पण चवथीला वाटलेली सामानाची पिशवी, भजनी मंडळाला दिलेले पखवाज, क्रिकेटच्या चषकावर झळकणारे नाव यांतले काहीच त्यात मोजले जात नाही, कारण खर्च मोजतात तो उमेदवारी अर्ज भरल्याच्या दिवसापासून. निव्वळ शेतावर जगणाऱ्या कुळाने उभे राहायचे म्हटले तर दहा हजारांची अनामत भरताना त्याला दोनदा विचार करावा लागतो. तेव्हा ज्याला उभे राहणे परवडते, त्याने थोडी जास्त माहिती दिली तर बिघडते कुठे?

राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही ठेवतात. संचालकपद, कंपनीवर ताबा राहील एवढे शेअर, सल्लागारीचे पैसे असे पाच प्रकार त्यात नोंदवावे लागतात. त्यातही जमीन नाहीच. दिल्लीत बसून नियम करणाऱ्यांना गोव्यातल्या डोंगराचा भाव कुठला सुचायला! आमच्या इच्छुकांनी त्या धर्तीवर एक कागद आपणहून काढावा. त्यात स्वतःची, पत्नीची आणि कंपनीची जमीन सर्व्हे नंबरासकट लिहावी, प्रत्येकापुढे आजचा झोन, मागच्या पाच वर्षांत काढलेली सनद आणि केलेला अर्ज लिहावा, तो जमिनी असलेल्या गावच्या पंचायतीच्या फलकावर लावावा आणि एक प्रत आपल्या दैनिकाकडे पाठवावी. सर्व्हे नंबर कळला की एक-चौदाचा उतारा भूमापन खात्याच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतो, त्यामुळे खोटे लिहिणे तसे सोपे जाणार नाही.

संपादक महोदय, इच्छुकांच्या मुलाखती आपण घेताच. पुढच्या मुलाखतीत ‘आपली प्रेरणा कोण?’ हा प्रश्न गाळून त्या जागी ‘आपल्या कुठल्या जमिनीचा झोन बदलला आहे, आणि कुणाच्या अर्जावरून?’ हा विचारावा. उत्तर द्यायला कुणी नकार दिला, तर तेही तसेच छापावे.

आपला,
एक कूळ आणि मतदार, डिचोली