त्या पन्नास जणांना, नागपूरहून

प्रिय पन्नास जणांनो,

तुमची नावं मला माहीत नाहीत आणि कधी कळणारही नाहीत. औषधाच्या चाचणीचा नियमच तसा असतो. मला ठाऊक आहे ते एवढंच : तुम्ही पन्नास होतात, वयं सरासरी चाळिशीची, सगळ्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा मेंदू नि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण झिजवणारा आजार, आणि सगळ्यांची डोळ्यामागची नस पूर्वी कधीतरी दुखावलेली. जानेवारी २०१४ ते एप्रिल २०१५ या काळात सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तुम्ही एका चाचणीत दाखल झालात. तेव्हा मी नागपुरात आठवीला विज्ञान शिकवत होते आणि एमएस हे कशाचं नाव आहे हेही मला माहीत नव्हतं.

२०१६च्या गणपतीत माझा डावा डोळा दुखायला लागला. नजर वळवली की आतून ओढ बसायची. दोन दिवसांनी जास्वंदीचा हार करताना उजव्या डोळ्यात काहीतरी गेलं म्हणून तो मिटला, तर हातातलं फूल एकदम विटकं दिसलं, धुऊन धुऊन रंग गेलेल्या कापडासारखं. उजवा उघडला की लालभडक, डाव्याने पाहिलं की फिकट विटकरी. सासूबाईंच्या कपाळावरचं कुंकूही तसंच. पहिल्यांदा जिथे दाखवलं तिथून ‘ताण घेऊ नका, झोप पूर्ण करा’ एवढं ऐकून परत आले. आठवड्याभरात डावीकडून समोरच्याचा चेहराच दिसेनासा झाला, तेव्हा दुसरीकडे गेलो. मग एमआरआय, पाठीतलं पाणी काढणं, पाच दिवस स्टिरॉइडची सलाइन, आणि व्हीईपी, म्हणजे डोळ्याचा निरोप मेंदूत किती वेळात पोचतो ते मोजणारी टेस्ट.

या व्हीईपीमुळेच माझी तुमच्याशी ओळख आहे असं मी मानते. तुम्हाला ती टेस्ट सांगायला नको, पण हे पत्र आणखी कुणी वाचेल म्हणून सांगते. केस धुऊन या, तेल लावू नका, असं आधीच बजावतात. डोक्याच्या मागे चिकट पेस्ट लावून तारा बसवतात, एका डोळ्यावर पट्टी बांधतात, आणि समोर पडद्यावर काळ्यापांढऱ्या चौकोनांचा पट येतो. मधल्या ठिपक्यावरून नजर ढळू द्यायची नाही. चौकोन सारखे पालटत राहतात, काळ्याचा पांढरा, पांढऱ्याचा काळा. प्रत्येक पालटाची वर्दी डोळ्यापासून डोक्याच्या मागच्या भागात, जिथे मेंदू बघण्याचं काम करतो तिथे, पोचते आणि कागदावर एक उंचवटा उमटतो. निरोगी माणसात त्याला साधारण १०० मिलिसेकंद लागतात. माझ्या उजव्या डोळ्याला १०४ लागले. डाव्याला १३७.

‘डोळा चांगला आहे हो, निरोप उशिरा पोचतोय,’ असं म्हणून न्यूरॉलॉजिस्टनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे एक आकृती काढली. ती मी पाहताक्षणी ओळखली. वर्षानुवर्षं मी हीच आकृती फळ्यावर काढत आले होते. चेतापेशी, तिचा लांब अक्षतंतू, त्यावर मण्यांसारखे तुकडे, त्यांना बाण काढून लिहायचं ‘मायलिन आवरण’. एका गुणाचं नाव. मेंदूत ऑलिगोडेंड्रोसाइट नावाची पेशी आपले अनेक हात लांबवून शेजारच्या तंतूंभोवती हे स्निग्ध आवरण फेऱ्यांवर फेरे घालून गुंडाळते, आणि दोन तुकड्यांमधल्या उघड्या फटीवरून पुढच्या फटीवर उडी मारत निरोप धावतो, हे मी शिकवत होतेच. त्या दिवशी समजलं की माझ्या डाव्या नसेतलं ते आवरण माझ्याच प्रतिकारशक्तीने ठिकठिकाणी सोलून काढलंय. उडी मारणारा निरोप तिथे पायी चालत होता.

आणि आणखी एक गोष्ट मी मुलांना अनेक वर्षं सांगितली होती : मेंदूत नि मणक्यात एकदा झालेलं नुकसान भरून येत नाही. माझ्या बाबतीत मी तेच वाक्य धरून बसले. घरातही तेच. आईने फोनवर विचारलं, ‘आता हे असंच राहणार का गं?’ मी हो म्हटलं.

ते पूर्ण खरं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. मेरी बंज, रिचर्ड बंज आणि हान्स रिस या संशोधकांनी १९६१मध्येच वाढ पूर्ण झालेल्या मांजरांच्या मज्जारज्जूत दाखवलं होतं की सोललेल्या तंतूंवर पुन्हा मायलिन चढतं. नवं आवरण जुन्यापेक्षा पातळ असतं, पण असतं. एमएस असलेल्या माणसांच्या मेंदूतही अशा पातळ आवरणाच्या जागा सापडतात. हे काम करणाऱ्या कच्च्या पेशी, ज्यांच्यापासून ऑलिगोडेंड्रोसाइट तयार होतात, आपल्या डोक्यात जन्मभर असतात. अडचण अशी की वय वाढलं, आजार जुना झाला, की त्या इजेच्या जागेपर्यंत येतात आणि तिथेच थबकतात. कारागीर दारात उभा, पण कामाला हात लावत नाही.

हा हात कसा लावून घ्यायचा? तुमच्याच विद्यापीठातल्या जोना चॅन यांच्या गटाने यासाठी जी युक्ती काढली ती मी वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करतात. त्यांनी सूक्ष्म, निमुळते खांब बनवले. पेशी त्या खांबांना तंतू समजून मायलिन गुंडाळू लागतात, आणि वरून पाहिलं की खांबाभोवती कडं दिसतं. कडी मोजायची, म्हणजे कोणत्या रसायनाने काम पुढे सरकतं ते कळतं. अशी हजार रसायनं तपासली गेली. त्यातून २०१४मध्ये जो छोटा गट वर आला त्यात क्लेमास्टीन होतं, ॲलर्जी आणि शिंकांवरचं जुनं, साधं औषध. कच्च्या पेशींवरचा एक ब्रेक ते सोडवत होतं.

पण खांब म्हणजे माणूस नव्हे. उंदीरही नव्हे. तिथून पुढे कुणीतरी स्वतःचं शरीर द्यावं लागतं, आणि ते तुम्ही दिलंत.

तुमची चाचणी १५० दिवसांची होती. पंचवीस जणांनी आधी ९० दिवस क्लेमास्टीन घेतलं आणि मग ६० दिवस औषध नसलेली गोळी. उरलेल्या पंचवीस जणांनी उलट, आधी ९० दिवस नुसती गोळी आणि मग औषध. कुणाला केव्हा काय मिळतंय हे ना तुम्हाला ठाऊक, ना तपासणाऱ्याला. औषधाने थकवा वाढत होता. एमएसचा थकवा ज्याने भोगलाय त्यालाच कळेल की त्यावर आणखी थकवा स्वतःहून स्वीकारणं काय असतं. सकाळी उठून दात घासले की पुन्हा आडवं व्हावंसं वाटतं, त्या दिवसांतही तुम्ही केस धुऊन त्या पटासमोर जाऊन बसलात आणि ठिपक्यावर नजर खिळवून ठेवलीत. पन्नासच्या पन्नास जणांनी चाचणी पूर्ण केली. मी वीस वर्षं हजेरी घेते आहे. पन्नासांच्या पटावर इतके दिवस एकही नाव न गळणं म्हणजे काय, हे मला नीट कळतं.

आणि ज्या पंचवीस जणांनी पहिले तीन महिने नुसती गोळी घेतली, त्यांच्यापुढे मला जास्त वेळ थांबावंसं वाटतं. औषध घेणाऱ्याला निदान एक आशा असते. तुम्हाला त्या तीन महिन्यांत काहीच मिळणार नव्हतं, आणि तुम्ही नसतात तर बाकीच्यांच्या आकड्यांना अर्थ उरला नसता. डोळा आपोआप सुधारला की औषधाने, हे तुमच्याशी ताडून पाहिल्याशिवाय कोण सांगणार होतं?

निष्कर्ष २०१७मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. क्लेमास्टीन घेतल्यावर निरोपाचा उशीर दर डोळ्यामागे सरासरी १.७ मिलिसेकंदांनी कमी झाला होता. पुढच्या तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनीच मला हे सांगितलं. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं तर तो क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, ‘एवढंच?’ त्याचं चुकलं नाही. पापणी लवायला याच्या पन्नासपटीहून जास्त वेळ लागतो. पण आम्हा दोघांना त्या रात्री जेवताना हळूहळू उमगलं की प्रश्न किती हा नव्हताच. तुमच्या नसांना झालेली इजा ताजी नव्हती, जुनी होती, जिला सगळे ‘आता असंच राहणार’ म्हणतात तशी. ती जुनी इजाही जिवंत माणसात औषधाने थोडी मागे सरते, हे रीतसर चाचणीत तुमच्या डोळ्यांनी दाखवलं. आईला दुसऱ्या दिवशी फोन करून मी माझं आधीचं उत्तर बदललं.

तुम्ही दिलेलं तिथेच संपलंही नाही. २०२३मध्ये संशोधकांनी तुमच्याच एमआरआयचा नव्या पद्धतीने अभ्यास केला. मायलिनच्या थरांमध्ये अडकलेलं पाणी मोजून, मेंदूच्या दोन अर्धांना जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसम या पट्ट्यात औषधाच्या काळात मायलिन वाढल्याच्या खुणा त्यांना दिसल्या. तुम्ही मशीनमध्ये निश्चल पडून राहिलात ते तास इतक्या वर्षांनी बोलले.

माझ्यासारख्या रुग्णांना इथे कळकळीने सांगायचंय : हे वाचून कुणी मेडिकलमधून गोळ्या आणून घेऊ नका. अमेरिकेतल्या दुसऱ्या एका चाचणीत, जिथे एमएस हळूहळू वाढत जाणाऱ्या प्रकारचा होता, तिथे याच औषधावर काही जणांचं अपंगत्व जास्त वेगाने वाढताना दिसलं आणि तो भाग थांबवावा लागला. मी स्वतः क्लेमास्टीन घेत नाही. मी घेते ती औषधं नवे हल्ले रोखणारी आहेत. गेलेलं आवरण परत चढवणारं मान्यताप्राप्त औषध अजून कुठेच नाही. तरी शोध चालू आहे, आणि तो ज्या पायरीवर उभा आहे ती तुम्ही घातलीत.

गेल्या वर्षी आकृती काढून झाल्यावर मी वर्गात सांगितलं, की हे आवरण पुन्हा चढू शकतं. माझ्या आजाराबद्दल मुलांना माहीत आहे, मी लपवत नाही आता. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, ‘मग मॅडम, तुमचं का नाही चढलं?’ मी म्हटलं, थोडं चढलं असेल, पुरेसं नाही. आणि मग तास संपेपर्यंत तुमच्याबद्दल बोलले. तिने विचारलं, ‘त्यांना कुणी थँक्यू म्हटलं का?’ तिच्या या प्रश्नामुळे हे पत्र.

आज ३० मे, जागतिक एमएस दिन. विदर्भात हे नवतप्याचे दिवस. अंगात उष्णता थोडी जरी वाढली तरी सोललेल्या तंतूतून निरोप पुढे सरकत नाही, म्हणून दुपारी माझ्या डाव्या डोळ्यापुढे धूसर पडदा येतो. उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रवैद्याने हे १८९०मध्येच नोंदवून ठेवलंय. त्यामुळे कूलरसमोर बसून, डोक्यावर ओला पंचा घेऊन, थांबत थांबत लिहिलं. ऊन उतरलं की डोळा उजळतो. आता सात वाजलेत, कुंडीतली जास्वंद इथून दिसते आहे, डाव्या डोळ्याने अजून जराशी फिकीच. पुढच्या महिन्यात माझी व्हीईपी आहे. त्या ठिपक्याकडे बघताना तुम्ही पन्नास जण माझ्या शेजारी बसलेले असाल.

मनापासून आभार.

तुमची,
आठवीची विज्ञानाची मॅडम
नागपूर