औलूहून पत्र : थंडी अजून सरलेली नाही

औलू, फिनलंड
२२ फेब्रुवारी

तीर्थरूप आप्पा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर आईने विचारले, "थंडी सरली का गं?" आणि मी नेहमीप्रमाणे "अजून नाही" एवढेच सांगून विषय बदलला. आई, हा प्रश्न तू नोव्हेंबरपासून दर रविवारी विचारतेस आणि माझे उत्तर दर रविवारी तेच असते. फोन ठेवल्यावर मला वाटत राहते, की एवढ्याशा उत्तराने तुला काहीच कळले नसेल आणि तू रात्रभर काळजी करत पडशील. म्हणून आज सुट्टी असल्यामुळे खिडकीपाशी बसून सविस्तर लिहीत आहे. बाहेर उणे चौदा अंश तापमान आहे, पण ऊन आहे, आणि ते थेट या कागदावर पडले आहे.

आधी जे तुमच्यापासून लपवले ते सांगते. नोव्हेंबर महिना मला फार जड गेला. आपल्याकडे थंडी म्हटले की रान आठवते, आगटीभोवती बसून खाल्लेला हुरडा आठवतो. त्यामुळे इथे येताना मी फक्त गार वाऱ्याची तयारी करून आले होते. अंधाराची तयारी केली नव्हती. लातूर अठरा अंश अक्षांशावर आहे आणि औलू पासष्ट अंशांवर, त्यामुळे डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस आपल्याकडे सुमारे अकरा तासांचा असतो, तर इथे जेमतेम साडेतीन तासांचा. त्या साडेतीन तासांतही सूर्य वर चढत नाही. भर दुपारी तो क्षितिजावर बोटभर दिसतो आणि तेथूनच उतरणीला लागतो. तरी डिसेंबरात जमिनीवर बर्फ असतो आणि रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड त्यावरून उसळून सगळीकडे पसरतो. नोव्हेंबरात यंदा बर्फ टिकला नव्हता. ओली काळी जमीन, ओल्या काळ्या झाडांची खोडे, आणि दिव्याखाली तेवढेच उजेडाचे रिंगण. त्या दिवसांत मी स्वयंपाक करणे सोडले होते. ओट्यापाशी उभ्यानेच पाव आणि चीज खायचे आणि झोपायचे, असे चालले होते. एका शनिवारी दुपारी दोन वाजता जाग आली, तर बाहेर दिवस मावळायला आला होता. त्या संध्याकाळी तुम्ही विचारले, "आवाज का असा?" आणि मी सर्दी झाल्याचे सांगितले. ती सर्दी नव्हती.

मला यातून बाहेर कोणी काढले असेल, तर ते आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या शेजारच्या आजींनी. त्यांना इंग्रजी थोडे येते आणि मला त्यांची भाषा त्याहून थोडी. एकदा जिन्यात भेटल्या तेव्हा त्यांनी माझ्या कोटाकडे पाहिले, घरात गेल्या आणि दोरीला बांधलेली चकाकणारी चकती आणून माझ्या खिशापाशी टाचणीने अडकवली. अंधारात पायी चालणाऱ्याने अशी चकती लावावी, असा इथे कायदाच आहे, कारण गाडीवाल्याला माणूस दिसण्याचा तो एकच मार्ग असतो. मग त्यांनी "व्हिटॅमिन डी घेतेस का?" असे विचारले. इथले लोक हिवाळ्यात त्या गोळ्या नेमाने घेतात, दुधातही ते घातलेले असते. मी घेत नव्हते. हल्ली घेते. आई, तुला सांगायचे ते एवढेच, की एका परक्या बाईने माझ्या कोटाला चकती लावली तेव्हा, शाळेत जाताना तू माझ्या परकराच्या निरीला टाचणी लावायचीस ती आठवली आणि त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी भात-वरण शिजवले.

त्यानंतर भाकरी सुरू केली, आणि त्याविषयी जरा विस्ताराने लिहिते, कारण माझा हिवाळा मुख्यतः तिनेच काढला आहे. ऑगस्टमध्ये येताना आणलेले ज्वारीचे पीठ डिसेंबरपर्यंत जुने झाले होते, त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली होती, आणि थापायला घेतले की कडा फुटत होत्या. तू लहानपणी सांगितलेले आठवले, म्हणून पाणी कढत करून उकड काढली, थोडी निवू दिली आणि तळहाताच्या टाचेने पुष्कळ वेळ मळली. काठवट नाही, तर पाव कापायची मोठी लाकडी फळी घेतली. जाळ नाही, तर भट्टीच्या वरच्या तारा लाल करून त्याखाली भाकरी धरली. पहिल्या चार फुगल्या नाहीत. पाचवी फुगली, पोटातून वाफ निघाली, आणि खोलीभर जो वास पसरला त्यासाठी मी हे सगळे पुन्हा करायला तयार आहे. आता आठवड्यातून दोनदा भाकरी होते. हे काम अर्धा-पाऊण तासाचे आहे, दोन्ही हात त्यात गुंततात, आणि तेवढा वेळ खिडकीबाहेर दिवस आहे की रात्र, याकडे लक्षच जात नाही.

येळवशीला, म्हणजे रानात पूजा करून जेवायच्या वेळ अमावास्येला, मी कामावरून लवकर आले. इथे 'पीमा' नावाचे आंबट ताक दुकानात सहज मिळते, घट्टसर असते, त्यात पाणी मिसळून ज्वारीच्या पिठाची आंबील केली. ती बिंदगीतल्या, म्हणजे मडक्यातल्या, आंबिलीसारखी लागली असे म्हणणार नाही, पण आंबील आहे हे जिभेने ओळखले. भज्जीला हरभऱ्याचे डहाळे नव्हते, चिंच नव्हती. मटार, गाजर, घेवड्याच्या शेंगा, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे आणि डाळीचे पीठ यांवर भागवले. तुम्ही सगळे त्या वेळी औशाकडच्या रानात कडब्याच्या खोपीपुढे बसून जेवून परतही आला असाल. आप्पा 'ओलगे ओलगे' म्हणत रानभर आंबील शिंपतात ते डोळ्यांपुढे आले, म्हणून वाटीत थोडी आंबील घेऊन इमारतीमागच्या भूर्जाच्या झाडांपाशी गेले आणि बर्फावर शिंपली. शिंपताच गोठली. आप्पा, ही जमीन आपली नाही, हे मला ठाऊक आहे. पण चार महिने जिच्यावरून चालते तिला त्या दिवशी काही न देता जेवायला बसणे मला बरोबर वाटले नाही.

दर गुरुवारी इथे वाटाण्याचे दाट सूप करायची जुनी चाल आहे. उपाहारगृहांतून, शाळांतूनही ते त्या दिवशी मिळते. मार्गशीर्षातल्या गुरुवारांमुळे आईला हे ऐकून गंमत वाटेल. शेजारच्या आजी मला दर गुरुवारी एक वाडगा आणून देतात. जानेवारीत मी त्यांच्यासाठी तसेच सूप केले, पण शेवटी दोन चमचे येसराचे, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्यांचे, पीठ पाण्यात कालवून घातले आणि वरून लसणाची फोडणी दिली. त्यांनी वाडगा पुसून घेतला आणि आता त्या गुरुवारी रिकामे भांडे घेऊन येतात. तुम्ही बांधून दिलेले येसर त्यामुळे संपत आले आहे.

आजींमुळेच सौना कळला. आमच्या इमारतीच्या तळघरात एक सौना आहे आणि आठवड्यातला एक तास बायकांचा असतो. लाकडी फळ्यांची लहान खोली, तापलेले दगड, त्यांवर ओगराळ्याने पाणी टाकले की उठणारी वाफ. त्या वाफेला इथे 'लोयलू' असा खास शब्द आहे. आप्पांना अशी माहिती आवडते म्हणून लिहिते, की युनेस्कोने २०२० साली सौनाच्या या परंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. मला मात्र तिथे बसल्यावर दिवाळीच्या पहाटेचा बंब आठवतो. परत येऊन मी अंगाला खोबरेल लावते. ते घरातसुद्धा घट्टच असते, म्हणून बाटली आधी गरम पाण्यात उभी करून ठेवावी लागते. इथे घरे उबदार असतात, खिडक्यांना तीन-तीन काचा असतात, पण आतली हवा इतकी कोरडी असते, की हातापायांना भेगा पडतात. रात्री दुलईच्या आत आपल्या आजीच्या लुगड्यांची वाकळ घेते. उबेसाठी दुलई पुरते. वाकळ वजनासाठी लागते.

आई, आता एक जुनी गोष्ट. एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, पहिल्या फेरीला पाच लाख लिटर, ते दिवस तुला आठवतात. मी तेव्हा अकरावीत होते. नळाला पाणी कधी येईल हे कोणालाच सांगता येत नव्हते, टँकरचा आवाज आला की सारी गल्ली घागरी घेऊन धावायची. तू भाजी धुतलेले पाणी तुळशीला घालायचीस, कपडे खळबळलेले पाणी फरशीला वापरायचीस. अंगणातला सडा तू बंद केलास, पण रोज सकाळी कोरड्या फरशीवर दोन रेघांची रांगोळी काढायचे सोडले नाहीस. मी एकदा चिडून म्हणाले होते, की प्यायला पाणी नाही आणि ही रांगोळी कसली? तू उत्तर दिले नाहीस, फक्त डबी उचलून आत गेलीस. त्या बोलण्याबद्दल आज, इतक्या वर्षांनी, माफी मागते. यंदा डिसेंबरात मी रोज सकाळी सात वाजता, बाहेर मिट्ट काळोख असताना, खिडकीत एक मेणबत्ती लावत होते आणि तिच्या उजेडात चहा पीत होते. मेणबत्तीने काळोख कमी होत नव्हता. पण ती लावल्याशिवाय मी दिवसाला सुरुवात केली नाही, आणि लावताना प्रत्येक वेळी मला तुझी ती कोरडी रांगोळी दिसत होती.

आता ताजी खबर. दिवस झपाट्याने मोठा होतो आहे. रोज सुमारे सहा-सात मिनिटे वाढतात, म्हणजे एका रविवारच्या फोनपासून दुसऱ्या रविवारच्या फोनपर्यंत जवळजवळ पाऊण तास. सध्या दिवस नऊ तासांचा झाला आहे. दुपारी छपराच्या उन्हाकडच्या बाजूने थेंब गळतात आणि संध्याकाळी त्यांचे पुन्हा सुळके होतात. समुद्र अजून गोठलेला आहे, लोक त्यावरून चालत जातात, मीही एकदा किनाऱ्यापासून बरीच आत जाऊन आले. बर्फावर वाळूखडी टाकलेली असते, तिच्यावरून चालताना बुटांखाली जो आवाज होतो तोही आता मला ओळखीचा झाला आहे.

आणि आप्पा, हे खास तुमच्यासाठी. परवा सकाळी आजींनी माझे दार वाजवले, हात धरून आपल्या खिडकीपाशी नेले, एवढ्या थंडीत खिडकी बोटभर उघडली आणि ओठांवर बोट ठेवले. समोरच्या झाडावर पिवळ्या पोटाचा, काळ्या डोक्याचा चिमणीएवढा पक्षी तीन-तीन सुरांत ओरडत होता. इथे त्याला 'तालितियाइनेन' म्हणतात. तो हिवाळाभर इथेच असतो, पण उजेड वाढू लागला की गाऊ लागतो, आणि लोक ती वसंताची पहिली खूण मानतात. आजींचा चेहरा तेव्हा अगदी तुमच्यासारखा झाला होता. मेच्या अखेरीस बांधावर उभे राहून तुम्ही पावशाचे 'पेर्ते व्हा' ऐकायचात, मुंग्या अंडी कुठे नेतात ते पाहायचात, आणि तरीही "उद्या पाऊस येईल" असे कधी म्हणत नव्हता. "आभाळाचा रंग बदललाय" एवढेच म्हणायचात. आजीही म्हणाल्या नाहीत, की हिवाळा संपला. उलट त्यांनी मला एक शब्द शिकवला, 'ताकातल्वी', म्हणजे बर्फ वितळू लागल्यावर मागे फिरून येणारा हिवाळा. मी त्यांना दुबार पेरणी म्हणजे काय ते समजावून सांगितले. पहिला पाऊस पाहून पेरलेले बी करपून जाते आणि शेतकऱ्याला पुन्हा बियाणे आणावे लागते, हे ऐकून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग तुमचे वय विचारले आणि तुम्हाला नमस्कार कळवायला सांगितले. तो या पत्रातून पोहोचवते.

तेव्हा आई, तुझ्या प्रश्नाचे खरे उत्तर असे, की थंडी सरायला अजून दोन महिने आहेत, एप्रिलमध्येही इथे बर्फ असेल, आणि मी रोज जेवते आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळे एक तास पुढे जातील, म्हणजे तुमच्या-माझ्या वेळेत साडेतीनऐवजी अडीच तासांचेच अंतर राहील. त्या दिवसापासून तुम्हाला माझ्या फोनसाठी जागावे लागणार नाही. त्याआधी, २० मार्चच्या सुमारास, दिवस आणि रात्र सगळीकडे जवळपास सारखी होते. आप्पा, त्या दिवशी सूर्य कधी उगवला आणि कधी मावळला ते पंचांगाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. मीही इथे लिहून ठेवते, मग फोनवर पडताळून पाहू.

दादा काही पाठवणार असेल तर येसर, जवसाची चटणी आणि जमल्यास थोडा वाळवलेला हुरडा पाठवावा. येसर दोघींपुरते हवे. आपल्या आजीच्या गुडघ्याला शेक देणे चालू ठेवा, वहिनीला नमस्कार, पिल्लांना पुष्कळ पापे.

आणि जूनच्या तोंडावर पावशा ओरडू लागला, की वेळ न पाहता मला फोन करा. तोवर इथे रात्री काळोख होणे थांबलेले असेल.

तुमची,
धाकटी