कथाकथनाकडून कीर्तनाकडे वळताना

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सवात आणि ग्रंथालयांच्या व्याख्यानमालांत वीस-पंचवीस वर्षे कथाकथन केलेली मंडळी साठीनंतर नारदीय कीर्तनाकडे वळताना दिसतात. त्यांचे मनापासून स्वागत. मात्र 'गोष्ट सांगता येतेच, चार अभंग बसवले की झाले' या समजुतीने त्यातले कितीतरी जण दोन-तीन कार्यक्रमांत खचतात आणि पुन्हा उभे राहत नाहीत. आम्ही कीर्तन शिकवतो. या मंडळींचे नेमके कुठे अडते ते लिहावे, म्हणून हे पत्र.

पहिली अडचण पूर्वरंगात, म्हणजे अभंगाच्या निरूपणाच्या पहिल्या भागात येते. 'जे का रंजले गांजले' हा तुकोबांचा अभंग घेतला, तर एका चरणातला शब्द उकलायचा, त्यावर शंका काढायची, ज्ञानेश्वरीतली ओवी किंवा गीतेतला श्लोक प्रमाण म्हणून द्यायचा, एक दृष्टांत सांगायचा आणि पुन्हा त्याच चरणावर यायचे. कथाकथनकाराचा पाय घसरतो तो दृष्टांतात. तीन मिनिटांचा दृष्टांत रंगत रंगत बारा मिनिटांवर जातो, पात्रे बोलू लागतात, हशा येतो. आणि परत यायचे तेव्हा चरण कोणता होता हे श्रोते विसरलेले असतात. दोन तासांच्या कीर्तनात पूर्वरंगाला ४५ ते ५० मिनिटे, मध्यंतरातला नामगजर, बुक्का आणि हार यांना १० मिनिटे, उरलेला वेळ आख्यान (उत्तरार्धातली कथा) आणि आरतीला, असा हिशेब धरावा. दृष्टांत घरी घड्याळ लावून म्हणावा. तीन मिनिटांत बसत नसेल तर त्यातले एक पात्र काढून टाकावे.

उत्तररंगात, म्हणजे आख्यानाच्या भागात, अडचण उलटी होते. कथाकथनात शेवट झाकून ठेवायचा असतो, सगळी मांडणी त्या कलाटणीसाठी असते. दामाजीपंतांचे आख्यान लावले, तर मंगळवेढ्याची कोठारे दुष्काळात खुली झाली आणि विठूच्या वेषात विठोबाने बिदरला जाऊन रक्कम भरली, हे समोरच्या आजींना लहानपणापासून पाठ असते. तिथे उत्कंठा ताणून काही हाती लागत नाही. आजींना पाहायचा असतो तो थैली बादशहापुढे ठेवतानाचा विठू: त्याचे उभे राहणे, पावती मागणे, परत फिरणे. त्या जागेवर थांबावे, भरपूर थांबावे. वाटेतला प्रवास दोन वाक्यांत उरकला तरी कुणाची तक्रार नसते.

तिसरी गोष्ट कीर्तनातल्या पदांच्या वृत्तांची. साकी १६ आणि १२ अशा २८ मात्रांची, दिंडी १९ मात्रांची, नवव्या मात्रेवर यती, म्हणजे थांबा. नळाख्यानातली 'कथा बोलूं हे मधुर सुधाधारा' ही ओळ मोठ्याने म्हणून पाहावी. बोलण्याची सवय असलेला माणूस अर्थाकडे बघून 'बोलूं'वर थांबतो आणि 'हे मधुर' जोडून घेतो. पण नऊ मात्रा भरतात त्या 'हे'वर. दोन मात्रा आधी थांबले की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हुकते, तबलजी क्षणभर हात उचलतो, पेटीवाला वाट पाहतो आणि कीर्तनकाराला वाटते की साथीदार चुकले. पद आधी टाळी देऊन, मग झांज हातात घेऊन, मग चालता चालता म्हणावे. झांजेचा सराव रोज १५ मिनिटे वेगळा हवा. हात आपोआप चालू लागल्याशिवाय तोंड मोकळे होत नाही.

पट्टीबद्दल, म्हणजे पेटीच्या कोणत्या काळ्या-पांढऱ्या सुरापासून गायचे याबद्दल, स्पष्ट लिहितो. वय वाढते तसा दम आखूड होतो आणि वरचे स्वर आधी सुटतात. तरुणपणी काळी दोनमध्ये गाणाऱ्या पुरुषाने साठीनंतर काळी एक, पांढरी एक, गरज पडल्यास त्याही खाली यावे. बायकांचा आवाज वयानुसार उतरतो. काळी पाचचा हट्ट सोडून काळी चार किंवा पांढरी पाच घेण्यात कमीपणा मुळीच नाही. वरच्या पट्टीत पूर्वरंग निभावतो, पण आख्यानाच्या ऐन भरात घसा बसतो. सारखे खाकरणे घशाला आणखी त्रास देते. त्याऐवजी कोमट पाण्याचा घोट घ्यावा.

पाठांतराला उतारवयात वेळ लागतो, तो द्यावाच. कथाकथनात टेबलावर टिपणाचा कागद चालतो, कीर्तनात शोभत नाही. पहिल्या वर्षी २५ अभंग, तितक्याच ओव्या, १० श्लोक, निरनिराळ्या वृत्तांतली १० पदे आणि एकच आख्यान, एवढे पुरे. रोज चार ओळी, सकाळी बसून आणि संध्याकाळी उभे राहून. तरीही ऐनवेळी ओळ सुटते, तेव्हा 'विठ्ठल विठ्ठल' गजर धरावा. तीन-चार आवर्तनांत ओळ बहुधा परत येते. पेटीवाल्याकडे पदांचे पहिले शब्द, ताल आणि पट्टी क्रमाने लिहिलेली चिठ्ठी आधीच द्यावी. बहुतेक वेळा तोच हळूच शब्द पुरवतो.

आणखी एक बारीक बाब. गळ्याजवळ लावलेल्या माइकवर उपरणे घासते आणि मध्यंतरात हार पडला की पुढचा तासभर खरखर चालू राहते. हार लगेच उतरवून पेटीवर ठेवावा. झांज कमरेच्या खाली धरावी, नाहीतर माइकमधून तिचाच आवाज कानठळ्या बसवतो. दोन तास अनवाणी उभे राहायचे असते, म्हणून पायाखाली जाड सतरंजी मागून घ्यावी आणि महिनाभर आधीपासून घरी तेवढा वेळ उभे राहून पाहावे. गुडघे काय म्हणतात ते मंडपात कळण्यापेक्षा घरी कळलेले बरे.

वारकरी कीर्तनाची रीत वेगळी. तिथे असे आख्यान नसते. अभंगाचे निरूपण, मागे टाळकरी आणि मृदंग. आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत, जी जोग महाराजांनी १९१७ साली स्थापन केली, विद्यार्थी त्यासाठी काही वर्षे घालवतात. नारदीय ढंगाचे आख्यान तिथे नेऊन बसवू नये. आणि ज्यांना सूर धरणे जमतच नाही, त्यांनी प्रवचन करावे. बसून, साथीशिवाय, एका ओवीवर तास-दीड तास. निरूपणाची ताकद असलेल्या कथाकथनकाराला ते शोभून दिसते आणि गुडघेही वाचतात.

उत्सव मंडळांना आमची कळकळीची विनंती आहे: नवख्या ज्येष्ठ कीर्तनकाराला एकदम दोन तास देऊ नका. एकच कीर्तन अनेकांनी पाळीपाळीने पुढे नेण्याची चक्री कीर्तनाची पद्धत आपल्याकडे आहेच. त्यात त्यांना ३० मिनिटे द्या. पहिली दोन वर्षे पूर्वरंगातला एखादा भाग, मग आख्यान. साथीला मात्र अनुभवी तबलजी आणि पेटीवाला हवेत, कारण नवखा कीर्तनकार आणि नवखे साथीदार ही जोडी टिकत नाही.

आपल्या दैनिकातील 'आजचे कार्यक्रम' सदरात कीर्तनकाराच्या नावासोबत आख्यानाचा विषय आणि साथीदारांची नावेही छापावीत, ही आपल्याला विनंती. सध्या तिथे फक्त 'कीर्तन, सायं. ६' एवढेच असते.

आपले,
कीर्तनवर्गाचे दोन शिक्षक, मिरज