तीन हजार पाच

जुन्नर, रविवार रात्र

बंड्या,

तुझा मेसेज पंधरा दिवस वाचून तसाच ठेवलाय, शिव्या घाल पण आधी ऐक. यंदा माझ्याकडे सहावीचं गणित आलंय. पहिल्याच आठवड्यात उजळणी म्हणून मी तोंडी संख्या सांगत होतो आणि पोरं वहीत अंकात लिहीत होती. "तीन हजार पाच" म्हणालो तर तिसऱ्या बाकावरच्या पोरीने लिहिलं ३०००५. मी सवयीने लाल फुली मारली. ती म्हणते, "सर, तुम्हीच म्हणालात ना, तीन हजार, मग पाच." आता काय बोलणार! दोन लाख चाळीसला तर निम्म्या वर्गाने २०००००४० लिहिलं, म्हणजे थेट दोन कोटी चाळीस.

रात्री जेवताना डोक्यात ट्यूब पेटली. डीएडला असताना आपण वैशाखऱ्याकडून नाणेघाट चढलो होतो, तू त्या दगडी रांजणात तोंड घालून ओरडला होतास, आठवतंय? वर गुहेत सातवाहनांच्या नागनिका राणीचा शिलालेख आहे बघ, यज्ञात काय काय दान दिलं त्याची यादी, आणि त्यात आकडे. दोन हजार वर्षांपूर्वीचे. तिथे २४,४०० लिहिलंय ना, ते या पोरीसारखंच लिहिलंय! हजाराची एक खूण, तिला विसाची जोडली की वीस हजार, चाराची जोडली की चार हजार, शंभराच्या खुणेला चार जोडला की चारशे, आणि बोलतो त्या क्रमाने एकापुढे एक मांडायचं. शून्य नाहीच, त्यामुळे जागेची भानगडही नाही. म्हणजे पोरीची पद्धत खोटी नाही रे, फक्त आपले अंक त्या पद्धतीचे नाहीत.

सोमवारी फुली खोडली. घरातल्या जुन्या लग्नपत्रिका कापून पत्ते केले, ३००० चा लांब, ४० चा मध्यम, ५ चा एवढुसा. तिला म्हटलं, मांड तीन हजार पाच. तिने ५ चा पत्ता ३००० च्या शेजारी ठेवला, वहीत लिहिलं होतं तस्सा. मग मी तो उचलून तिच्या हातात दिला आणि म्हटलं, आता शेजारी नको, वर ठेव, उजव्या कडेला. तिने ठेवला, शेवटचं शून्य झाकलं गेलं. दोन मिनिटं पत्ता उचलतेय, ठेवतेय, उचलतेय. मग हळूच म्हणाली, "शून्यं पाहुण्यांसाठी जागा धरून बसलेत." मी वीस वर्षं स्थानिक किंमत शिकवतोय, मला नाही सुचलं असलं कधी.

मग काय, आठवडाभर पुस्तक बाजूलाच राहिलं. एकाचे वडील नारायणगावच्या टोमॅटो मार्केटला कॅरेट मोजतात, त्याने फळ्यावर चार उभ्या रेघा आणि वरून पाचवी तिरकी अशा खुणा करून दाखवल्या, हात असा सराईत की मी बघतच राहिलो. रोमन अंक आले तेव्हा नऊ म्हणजे दहाच्या डावीकडे एक, दहाला एक कमी, असं सांगितलं तर मागून आवाज, "सर, हे तर एकोणीससारखं!" बरोबरच की, विसाला एक उणा. मग एकोणतीस, एकोणचाळीस करत गाडी एकोणनव्वदपर्यंत सुसाट गेली आणि पुढे नव्याण्णव आल्यावर सगळे गप्प, तिथे आपली भाषाच फितूर. २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' आलं तेव्हा आपण व्हॉट्सॲपवर किती खिदळलो होतो, पण खरं सांगू, त्रेसष्ठ ऐकून ३६ लिहिणारं पोर रोज समोर असलं की हसू येत नाही. तरी माझं मत तेच आहे, त्रेसष्ठ जाऊ नये, दोन्ही शिकवा.

युट्यूबवरच्या १.२ एमचं उत्तर मात्र कुणालाच येईना. बारा लाख म्हटल्यावर, "एवढेच?" म्हणाली कार्टी.

आता तुझं काम. बँकेत तुमच्याकडे रद्द झालेल्या कोऱ्या पैसे भरायच्या स्लिपा पडून असतील तर पन्नासेक पाठव. अंकात आणि अक्षरी दोन्ही लिहायला लावायचंय, आणि 'अक्षरी रुपये'च्या शेवटी 'फक्त' का लिहितात हे तू स्वतः येऊन सांग, मी सांगितलं तर ते गणित वाटतं, बँकवाल्याने सांगितलं की खरं वाटतं. पाऊस ओसरला की पोरांना नाणेघाटला न्यायचंय, जुन्नरकडून गाडी वरपर्यंत जाते, तुझ्या गुडघ्यांना काही होत नाही. त्या पोरीला भिंतीवरचे आकडे दाखवायचेत. तारीख कळव, आणि वहिनींना सांग की रांजणात ओरडायला यावेळी चाळीस जण आहेत.

तुझा,
मास्तर