आई, गोळी अर्धी करू नको

प्रिय आई आणि बाबा,

नमस्कार. फोनवर सांगितलं की तू हो हो म्हणते आणि फोन ठेवला की आपलंच करते, म्हणून हे सगळं सविस्तर लिहून पाठवते आहे. दादाच्या पोराला दोनदा वाचून दाखवायला सांगा, बाबा तुम्ही पण बाजूला बसून ऐका.

काल तू म्हणाली ना, "अर्ध्यानंच भागते माह्यं, कायले रोज दोन दोन गोळ्या घालवता," तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. मला डोळ्यासमोर दिसलं, ओसरीत बसून सुपारीच्या अडकित्त्यात गोळी धरायची, कट्कन अर्धी करायची आणि उरलेली अर्धी पदराच्या गाठीत बांधायची. आजवर सगळ्या गोळ्या तू अशाच पुरवल्या, पण ही गोळी तशी नाही आई. हिचे दोन भाग आहेत. वरच्या थरात इसोमेप्राझोल आहे, 20 मिलिग्राम, ते पोटात गेल्याबरोबर सुटतं आणि ॲसिड कमी करायला लागतं. आतल्या गाभ्यात नेप्रोक्सेन, 500 मिलिग्राम, ते तुझ्या गुडघ्यासाठी. त्या गाभ्यावर असं वेष्टन असते की तो पोटात विरघळत नाही, पुढं आतड्यात गेल्यावर विरघळतो. अडकित्ता चालला की ते वेष्टनच फुटलं, मग दुखण्याचं औषध सरळ पोटातच सांडते. म्हणून तोडायची नाही, चावायची नाही, कुटायची तर अजिबात नाही, पाण्यासोबत अख्खी गिळायची. आणि जेवणाच्या अर्धा तास आधी, सकाळी एक, रात्री एक. चहा म्हणजे जेवण नव्हे.

तुला वाटेल गुडघ्याच्या गोळीचा पोटाशी काय संबंध. आपल्या अंगात प्रोस्टाग्लँडिन नावाचं एक द्रव्य बनते. गुडघ्यात ते सूज आणि ठणका वाढवते, पण पोटात तेच आतून बुळबुळीत थर राखते, जसं तू जुन्या घराच्या कुडाच्या भिंतीला सारवण द्यायची तसं. दुखण्याची गोळी दोन्हीकडचं बंद करते. ठणका थांबतो पण पोटाचं सारवण पण थांबते आणि मग ॲसिड भिंत खाते. हे जॉन वेन नावाच्या शास्त्रज्ञानं 1971 मध्ये दाखवलं, 1982 मध्ये त्यांना दुसऱ्या दोघांसोबत नोबेल मिळालं. मी वर्गात पोरांना शिकवते हे, आणि माझ्याच घरात तू तीन वर्षं रिकाम्या पोटी चहासोबत पुडीतल्या गोळ्या खात होती आणि मला पत्ता नव्हता. याचं मला फार वाईट वाटते.

यंदा पोळ्याच्या टायमाला काय झालं आठव. डांबरासारखी काळी शी होत होती, म्हणजे पोटात रक्त जात होतं, तू दोन दिवस कोणाला बोलली नाही, तिसऱ्या दिवशी न्हाणीत चक्कर येऊन पडली. त्या पुडीत दोन लाल आणि एक पांढरी गोळी असायची, नाव नाही गाव नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की अशा पुडीत स्टेरॉइड पण असू शकते, आणि स्टेरॉइड आणि दुखण्याची गोळी दोन्ही मिळून अल्सरचा, म्हणजे पोटात जखम व्हायचा, धोका अजून वाढतो. दोन महिने नुसती पोटाची गोळी देऊन जखम भरली तेव्हा कुठं त्यांनी ही जोडगोळी लिहून दिली, ती पण 15 दिवसांचीच. अमेरिकेत ही 2010 पासून मिळते. तरी हिनं पोटाचा धोका कमी होतो, संपत नाही. पुन्हा काळी शी दिसली किंवा पोटात कळ आली तर गोळी बंद आणि लगेच फोन, मग रात्रीचे दोन का वाजले असेना. फडताळातल्या स्टीलच्या डब्यातल्या जुन्या पुड्या आजच्या आज फेकून द्या.

बाबा, आता तुमचं. आईच्या गोळीनं बरं वाटते म्हणून कंबर दुखली की तुम्ही तिच्यातली एक घेता हे मला माहीत आहे. तुम्हाला बीपी आहे, हार्टसाठी ॲस्पिरिन चालू आहे, त्यावर ही गोळी म्हणजे पोटातून रक्त जायची भीती, बीपी वाढणार, किडनीवर आणि हार्टवर ताण वेगळा. तुमच्या पाया पडून सांगते, घेऊ नका. कंबरेसाठी आपण वेगळं विचारू.

कापसाची वेचणी सुरू झाली म्हणून तू वावरात जाशीलच, पण ओटी बांधून दिवसभर वाकायचं नाही आणि उन्हात तहानेनं राहायचं नाही, या गोळीवर असताना पाणी कमी पडलं की किडनीला त्रास होतो. वेचायला बाया लावा, मजुरी मी पाठवते. शनिवारी दारव्ह्याला येते, तिथून यवतमाळला जाऊन तुझं क्रिएटिनीन, म्हणजे किडनीची तपासणी, आणि हिमोग्लोबिन करून घेऊ. पाकीट जपून ठेव, मी आल्यावर गोळ्या मोजणार आहे. आणि पदरात बांधलेली ती अर्धी आत्ताच काढून टाक.

तुमचीच,
ताई